गुटीपुरतं दूध

माझं दूध वाईट नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण लेक झाली त्या वर्षात हे वाक्य मी इतक्या तोंडांतून उलटं ऐकलंय की आता कुणी विचारायच्या आधीच माझं डोकं सटकतं. हिचं दूध पोरीला बाधतंय. उचलली जीभ, लावली टाळ्याला. ज्यांना मी नीट ओळखतही नव्हते त्या बायका बाळ बघायला येऊन माझ्या छातीकडं बघून मान हलवून गेल्या.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. माहेर फुलंब्रीच्या अलीकडं. शहरातल्या दवाखान्यात बाळंत झाले आणि तिथून थेट आईकडं गेले. घरात आई आणि धाकटा भाऊ. भाऊ रोज मोटारसायकलवर संभाजीनगरला कंपनीत जातो. दारात एक गाय. गाय म्हणजे आईचा जीव की प्राण. वडील गेल्यावर तिनं त्या गायीच्या नादानं स्वतःला उभं केलं, हे मला कळतं. तिच्या लेखी त्या गायीच्या दुधाला जगात तोड नाही. ताप आला, दूध. परीक्षा आहे, दूध. लग्न ठरत नाही, तरी दूधच.

मग बाळंतिणीचं तर विचारूच नका. सकाळी अळिवाची खीर, दुपारी वरण-भातावर तुपाची धार आणि वर ताक, संध्याकाळी डिंकाचा लाडू, झोपताना शतावरी कालवलेलं पेलाभर दूध. मला लहानपणापासून दुधाचा वाससुद्धा सोसत नाही. पण बाळंतिणीला तोंड असतं ते फक्त खायला. 'तुला नगं आसंल, पोरीला पायजे,' असं म्हणून आई पेला तोंडाला लावायची आणि मी डोळे मिटून गिळायची.

पोरगी महिन्याची झाली आणि रडायला लागली. साधं रडणं नाही. पाय पोटाशी घेऊन, लालबुंद होऊन, श्वास अडकेपर्यंत. पाजलं की ओकायची. गाल खरबरीत झाले, मग त्यातून पाणी यायला लागलं. आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. गावातल्या डॉक्टरनं गॅसचे थेंब दिले आणि मोबाइलमधून मान वर न काढता सांगितलं, की लहान लेकरं रडतातच. ती जितकी रडायची तितकं घरात एकच निदान व्हायचं, की आईचं दूध पुरत नाही. मग मला आणखी खीर. आता आठवलं तरी हसू येत नाही, रागच येतो.

एका सकाळी लंगोट बदलताना शेंबडासारखी शी दिसली आणि तिच्यात रक्ताचे बारीक लाल धागे. मी आईला हाक मारली. आईनं बघितलं आणि मावशीला फोन लावला.

मावशी म्हणजे आईची मोठी बहीण. आमच्या घराण्यातलं सुप्रीम कोर्ट. तिनं स्वतःची लेकरं वाढवली, सुनांची बाळंतपणं केली, म्हणून तिच्या शब्दापुढं कुणी जात नाही. ती आली, लंगोट बघितला, पोरीचे गाल बघितले, आणि मग मला सांगितलं की वाटीत पाणी घे आणि तुझं थोडं दूध त्यात पिळ. मी पिळलं. मी शाळेत पोरांना विज्ञान शिकवते, आणि मी मुकाट्यानं वाटीत पिळलं, कारण पोरीच्या काळजीनं डोकं चालेना. मावशीनं वाटी उजेडात धरली. दूध तळाला बसलं म्हणाली. म्हणजे जड आहे. म्हणजे बाधतंय. अंगावरचं तोडा आणि गायीचं दूध पाणी घालून सुरू करा, असा हुकूम सोडून ती जेवायला बसली.

मी नाही म्हटलं. चांगली भांडले. तोवरच्या आयुष्यात मावशीला नाही म्हणणारी मी पहिलीच असेन. आई दोघींच्या मध्ये उभी होती आणि तिच्या तोंडावर मला स्पष्ट दिसलं, की तिचा विश्वास बहिणीवर बसला आहे.

रविवारी नवरा आला आणि आम्ही पोरीला शहरातल्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंकडं नेलं. त्यांनी लंगोट उघडून नीट बघितला, गालांवरून बोट फिरवलं आणि पोरीऐवजी मलाच विचारायला सुरुवात केली. तुम्ही काय खाता? दूध किती? तूप? खीर? मी सांगत गेले. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, गायीच्या दुधात जी प्रथिनं असतात त्यांची हिला ॲलर्जी दिसतेय. तुम्ही जे दूध पिता त्यातला अंश तुमच्या अंगावरच्या दुधातून हिच्या पोटात जातो, तो हिला सोसत नाही.

मी विचारलं, म्हणजे माझं दूध खराब आहे का.

"तुमचं दूध अगदी उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "तेवढं एक बंद करू नका."

मी तिथंच खुर्चीत बसून रडले. नवऱ्यानं रुमाल दिला, तोही इस्त्रीचा, घडी न मोडलेला. बाईंनी सगळं समजावून सांगितलं. दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, खवा, पेढा, सगळं माझ्या तोंडातून बंद. म्हशीचं चालणार नाही, शेळीचंही नाही, ती एकमेकांची सख्खीच. बिस्किटाचा पुडा घेतला तर पाठीमागं वाचायचं, त्यात दुधाची भुकटी असते. मला कॅल्शियमच्या गोळ्या. बाळाला फक्त अंगावरचं, वरचं काही नको. फरक पडायला काही आठवडे लागतील, धीर धरा.

घरी येऊन मी आईला सांगितलं, दूध बंद. ती म्हणाली, बरं. आणि जेवताना ताक पुढं ठेवलं. मी म्हटलं, अगं दूध बंद सांगितलंय ना. तर ती म्हणते, हे कुठं दूध आहे, हे ताक आहे. मग वरणावर तूप. हे कुठं दूध आहे. माझं डोकं भणाणलं. शेवटी मला आजीच्या तोंडचा शब्द आठवला आणि मी म्हटलं, आई, दूधदुभतं बंद. जे जे गोठ्यातून येतं ते सगळं. तेव्हा तिला कळलं. एकदा कळल्यावर मात्र तिनं माझं ताट डोळ्यांत तेल घालून सांभाळलं, हे खरं आहे. माझी कढई वेगळी, पळी वेगळी, फोडणी तेलाची. बाळंतिणीच्या ताटात कोरडं वरण वाढताना तिला रडू यायचं. पदरानं डोळे पुसून ती वाढायची.

मी कोरा चहा प्यायला लागले. मावशीनं ऐकलं आणि फोनवरूनच आईला टोमणा मारला, की काय गं, मयताच्या घरी असतो तसला चहा बाळंतिणीला पाजतीस व्हय. एक शेजारीण म्हणाली, शेळीचं चालतं, खुलताबादकडं माझ्या भावाच्या शेळ्या आहेत, सांगू का. सगळ्यांना सगळं कळत होतं.

पहिल्या काही आठवड्यांत गाल थोडे सुकले. रडणं थोडं कमी झालं. पण लंगोटातले धागे जाईनात. एक दिवस साफ, दोन दिवस लाल. वजन वाढेना. आम्ही पुन्हा बाईंकडं गेलो. त्यांनी विचारलं, चुकूनमाकून काही खाल्लं का. मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, लग्नकार्यात, बाहेर कुठं, एखादा घोट. मी पुन्हा नाही म्हटलं. मग त्या म्हणाल्या, अजून थोडे दिवस बघू, नाहीच थांबलं तर अंगावरचं थांबवून एक खास पावडर सुरू करावी लागेल. शांतपणे, समजूत काढत म्हणाल्या. मला एवढंच ऐकू आलं, की अंगावरचं तुटणार. म्हणजे मावशीचंच खरं होणार.

घरी आल्यावर नवऱ्याला माझ्या खोलीतल्या फळीवर नानखटाईचा पुडा दिसला. शहागंजातल्या बेकरीतला, साजूक तुपातली म्हणून छापलेला. भावानं आणला होता, स्वतःसाठी, आणि ठेवायला जागा नाही म्हणून माझ्या फळीवर टाकला होता. मला नानखटाई किती आवडते हे नवऱ्याला लग्नाआधीपासून माहीत. तो पुडा हातात घेऊन तो हळू आवाजात म्हणाला,

"खरं सांग. मी रागावणार नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. रागावणार नाही म्हणे! दुधाचा थेंब नाही, तुपाचा कण नाही, भुकेनं रात्री उठून मी कोरडी भाकरी आणि चटणी खात होते, केस मूठ मूठ गळत होते, आणि हा माणूस मला माफ करायला निघाला होता. चोर सोडून संन्याशाला सुळी. मी पुडा त्याच्या हातातून घेतला आणि त्याला म्हटलं, तुम्ही जा आता. तो गेला. भावाला विचारायचंसुद्धा त्याला सुचलं नाही. आईनं दाराआडून सगळं ऐकलं होतं. ती माझी बाजू घ्यायला पुढं आली नाही. म्हणजे तिलाही तसंच वाटत होतं.

त्यानंतर मी पोरीवर पाळत ठेवायला लागले. पोरीवर म्हणजे तिच्या अंगावर. कधी लाल होते, कधी ओकते. आणि लक्षात आलं, की रोज आंघोळ घालून आणली की तिच्या ओठांभोवती लाल चट्टे असतात. तासाभरात ओसरतात. आई म्हणायची, डाळीचं पीठ चोळलं त्याचं आहे. पण पीठ अंगभर चोळायची आणि लाल व्हायचे ते फक्त ओठ.

आंघोळ आईच घालायची, मागच्या परसात, पायांवर घेऊन. तेवढ्या वेळात मी माझी आंघोळ उरकायची. एक दिवस मी अंगावर दोन तांबे घेतले आणि ओल्या केसांनीच मागं गेले.

पोरगी टॉवेलात गुंडाळून मांडीवर. पुढं सहाण. आई हळकुंड उगाळत होती, शेजारी वेखंड, जायफळ, मुरडशेंग, बदाम. आणि एक छोटी वाटी. गुटी. ती गुटी मला माहीत होती. सुरुवातीला रोज सकाळी आई ती वाटी घेऊन माझ्याकडं यायची, चार थेंब दे म्हणायची, कारण गुटी आईच्या दुधात उगाळतात. मग कधीतरी तिनं वाटी मागणं बंद केलं. मला वाटलं, गुटीच बंद झाली. डॉक्टरबाईंनी वरचं काही नको सांगितलंच होतं.

"आई, कशात उगाळतीस?" मी विचारलं.

"दुधात."

"कुठल्या?"

"आपल्या गायीच्या. निरसं हाय, आत्ताच्या धारंचं."

"डॉक्टरीण काय म्हणली होती?"

आईनं माझ्याकडं बघितलं. तिच्या तोंडावर चोरी पकडल्याचं काही नव्हतं. तिला खरंच कळलं नव्हतं मी का विचारतेय.

"तुला दूध नगं म्हणली," ती म्हणाली. "पोरीला कुठं म्हणली? आन् ही काय पाजत नाय मी, गुटी हाय ही. गुटीपुरतं दूध लागतंच की. तुझं बाधतंय म्हणली ना आक्का, म्हणून तुझं घ्यायचं सोडलं."

मी तिथं उभी राहिले आणि माझ्या डोक्यात ते हळूहळू उलगडत गेलं. माझं दूध बाधतं, म्हणून माझं टाळलं. आणि ज्यानं पोरीच्या आतड्यातून रक्त येत होतं तेच, कच्चं, रोज सकाळी, बोटानं तिच्या जिभेवर. मी भुकेनं मरत होते, आणि परसात माझ्या आईनं माझ्या पोरीला रोज ओवाळून ओवाळून तेच चाटवलं होतं. बोट चोखायला लावून. गाणं म्हणत.

मी वाटी उचलली आणि भिंतीवर भिरकावली. मग सहाण ढकलली. पोरीला तिच्या मांडीवरून ओढून घेतलं. माझ्या तोंडून काय काय गेलं ते मी सगळं लिहिणार नाही, पण एक वाक्य लिहिते, कारण ते मी बोलले आहे. तू माझ्या लेकीला विष पाजतीस, असं मी माझ्या आईला म्हटलं. आई खाली वाकून हळकुंड शोधत होती.

दुपारी नवऱ्याला बोलावून मी पोरीला घेऊन सासरी, संभाजीनगरात सिडकोतल्या घरी निघून आले. निघताना भाऊ दारात उभा राहून म्हणाला, जाऊ दे ना ताई, आई हाय ती, भल्यासाठीच केलं तिनं, प्रेमानं केलं. मला सगळ्यात जास्त चीड कशाची येत असेल तर ह्याची. प्रेमानं केलं. म्हणजे मी रागावले तर मीच दुष्ट. रक्त पोरीचं गेलं, वजन पोरीचं अडलं, उपास मी काढले, संशय माझ्यावर आला, आणि सांभाळायचं कुणाचं मन, तर जिनं प्रेमानं केलं तिचं. प्रेम आहे तर विचारायला काय झालं होतं? एक वाक्य. गुटी दिली तर चालेल का?

डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, गुटी देता का हे मी विचारायला हवं होतं, आपल्याकडं गुटीला कुणी वरचं धरत नाही. गुटी सरळ बंद करा, कशातही उगाळलेली नको. त्यांचाही मला राग आला. पण त्यांनी चूक कबूल तरी केली. तेवढं माझ्या घरातल्या कुणालाही जमलं नव्हतं.

गुटी बंद झाली आणि लंगोट साफ यायला लागला. आधी वाटलं योगायोग आहे. मग सलग साफ. गाल मऊ झाले. पोरगी झोपायला लागली, मग हसायला लागली, आणि वजनाचा काटा एकदाचा हलला. पावडरीचं नाव निघालं नाही. नवरा म्हणाला, सुटलो बुवा. मी म्हटलं, तुम्ही कशातून सुटलात? नानखटाईचं काय? तो म्हणाला, अगं मी फक्त विचारलं होतं. मी त्याच्याशी त्या दिवशी बोलले नाही, आणि दुसऱ्या दिवशीही नाही. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणतात. मी माणसं फुंकून घ्यायला लागले. घरात येणाऱ्या प्रत्येकाला हात धुवायला लावायची, पेढ्याचा पुडा दारातच परत करायची. सोसायटीत माझं नाव झालं, की लई आगाऊ आहे बाई.

आईशी बोलणं बंदच होतं. ती भावाला माझ्या नवऱ्याकडं फोन लावायला लावायची, भाऊ फोन माझ्याकडं द्यायला सांगायचा, मी तो पोरीच्या कानाला लावायची आणि ठेवून द्यायची.

मग उष्टावण आलं. मामानं भाच्चीला पहिला घास भरवायचा, तोही खिरीचा. मी म्हटलं, करायचंच नाही. नवरा म्हणाला, करू, तू सांगशील तसं करू. बाईंना विचारून ठरवलं, तांदळाची खीर, नारळाच्या दुधातली, गुळाची. आईनं पहिल्यांदा थेट मला फोन केला. खीर मी करून आणू का, विचारलं. मी सांगितलं, नारळाचं दूध. ती म्हणाली, दूध नगं म्हणू माय, नारळाचा रस म्हण, मला ध्यानात ऱ्हाईल. मी हो म्हटलं. तरी आल्यावर डबा उघडून मीच आधी चाखला, तिच्यासमोर. ती बघत राहिली.

घर भरलं. मावशीही आली, खुर्चीवर बसली, पोरीला बघून म्हणाली, बाळसं धरलं की गं. भावानं चांदीच्या चमच्यानं खीर भरवली, पोरीनं तोंड वाकडं केलं, सगळे हसले. कुणीतरी विचारलं, गायीची का नाही खीर. आणि मी तोंड उघडायच्या आत मावशीनं सगळ्यांना सांगायला सुरुवात केली. तिला दूध सोसत नाही. मूळ म्हणजे तिच्या आईचंच दूध बाधलं, मी तर पहिल्याच दिवशी वाटीत बघून सांगितलं होतं, पण आजकालच्या पोरी ऐकत्यात व्हय.

बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी काय बोलणार होते मला माहीत नाही, पण फार वाईट बोलले असते.

आई स्वयंपाकघराच्या दारात होती, हातात पाण्याचा तांब्या. ती तिथूनच बोलली. आवाज चढवला नाही.

"आक्का, हिचं दूध नाय बाधलं. माझ्या गायीचं बाधलं, आन् ते मी पाजलं. रोज पाजलं. आता माझ्या लेकीच्या दुधाचं नाव काढायचं नाय कुणी."

आईनं मोठ्या बहिणीला भरल्या घरात असं बोललेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मावशीनं पदर सावरला. आईनं तांब्या खाली ठेवला. मला रडू आलं नाही, माफही केलं नाही मी. पण इतके महिने छातीत जे आवळून धरलं होतं ते सुटलं, आणि नेमकी तेव्हाच पोरगी भुकेनं रडायला लागली.

कुणीतरी म्हणालं, आत जा, आतल्या खोलीत जाऊन पाज. मी म्हटलं, इथंच पाजते. मावशीच्या समोरच्या खुर्चीत बसले आणि पदर घेतला. आई आली, माझ्या खुर्चीला टेकून उभी राहिली आणि बायकांना म्हणाली, जरा सरकून बसा, तिला वारा येऊ द्या. पोरगी पोट भरेपर्यंत प्यायली.